जुन्या कागदांची साक्ष आणि इतिहासाचार्य राजवाडे

न्यायासनापुढे साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याचे बोलणे जसेच्या तसे ग्राह्य धरले जात नाही. त्याने घटना स्वतः पाहिली की दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, घटनेनंतर किती काळाने तो बोलत आहे, पक्षकारांशी त्याचा काही संबंध आहे काय, या गोष्टी आधी विचारल्या जातात. जुना कागद हाही एक साक्षीदारच होय. परंतु कागद पिवळा पडलेला, अक्षर जुन्या वळणाचे आणि शेवटी मोर्तब असले की मनुष्य त्याला प्रश्न विचारावयाचे विसरतो. वंशावळीच्या बाबतीत तर हा विसर अधिकच पडतो. कारण तेथे आपल्याच पूर्वजांचा अभिमान साक्षीदाराच्या बाजूने उभा असतो. महाराष्ट्रात कागदाची उलटतपासणी करण्याची शिस्त ज्यांनी आग्रहाने रुजविली, त्यांत विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे नाव अग्रभागी आहे. ही शिस्त किती फलदायी असते हे त्यांच्या चरित्रात दिसते, आणि ती पाळणे किती कठीण असते हेही त्याच चरित्रात दिसते. पोथीचा पाठ ज्यांना शुद्ध राखावयाचा आहे त्यांनी या दोन्ही बाजू पाहाव्यात.

राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसई या गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. त्यांचे वडील बंधू वैजनाथ काशीनाथ हेही विद्याव्यासंगी होते व पुढे यास्काच्या निरुक्ताचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धी पावले. विश्वनाथरावांचे उच्च शिक्षण पुण्यास झाले. १८९० च्या सुमारास पदवी मिळाल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. पण बांधलेल्या चाकरीत त्यांचे मन रमले नाही. पाश्चात्त्य विद्येतील उत्तमोत्तम ग्रंथ मराठीत यावेत या हेतूने त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोच्या एका प्रमुख ग्रंथाचे भाषांतर स्वतः करून त्यात छापले. १८९७ च्या प्लेगच्या धामधुमीत ते मासिक बंद पडले. तत्पूर्वीच त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. उरलेले सारे आयुष्य त्यांनी कागदांच्या शोधास वाहिले आणि आपले संशोधन मराठीतच लिहावयाचे हा नेम अखेरपर्यंत चालविला.

या शोधाचे पहिले मोठे फळ वाई येथे मिळाले. पानिपतच्या संग्रामापूर्वीच्या दशकातील मूळ पत्रव्यवहार त्यांच्या हाती आला आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्या काळापर्यंत मराठ्यांच्या इतिहासाची मुख्य इमारत ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथावर आणि बखरींवर उभी होती. ग्रँट डफने दफ्तरे पाहिली होती, तरी अनेक ठिकाणी त्यालाही बखरींचाच हात धरावा लागला होता. राजवाडे यांनी पहिल्या खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत पत्रे एका बाजूस व बखरी दुसऱ्या बाजूस ठेवून दोहोंची तुलना केली. बखरीत घटनांचा क्रम उलटसुलट होतो, एकाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर जाते, सैन्याचे आकडे फुगतात, आणि पुढे घडलेल्या गोष्टीचे ज्ञान आधीच्या माणसांच्या तोंडी घातले जाते, हे त्यांनी जागोजाग दाखवून दिले.

याचे कारण बखरकारांचा खोटेपणाच असते असे मात्र नव्हे. बखर ही बहुधा आज्ञेवरून लिहिली जाते. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिले, तेव्हा शिवछत्रपतींच्या निर्वाणास पंधरा-सतरा वर्षे लोटली होती. तरी सभासद त्या काळाचा मनुष्य होता. मल्हार रामराव चिटणिसाने सातारा येथे बखर लिहिली ती शंभराहून अधिक वर्षांनी. इतक्या अवधीत ऐकीव गोष्टीवर ऐकीव गोष्टीचा थर चढतो आणि लिहिणारा प्रामाणिक असूनही चुकतो. पत्राची गोष्ट निराळी. पत्र लिहिणाऱ्यास उद्या काय होणार हे ठाऊक नसते. त्याला रसद हवी असते, हुंडी हवी असते, फौज कोठे उतरली हे कळवावयाचे असते. इतिहास घडविण्याचा हेतू त्याच्या मनात नसतो, म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची ठरते.

तथापि पत्रही सर्वस्वी निर्दोष नसते. पराभूत सरदार आपली हानी कमी करून लिहितो. बातमीदार बाजारातील अफवा खरी मानून कळवितो. त्यातून पेशवेकालीन पुष्कळ पत्रांवर चंद्र, म्हणजे मुसलमानी महिना व तारीख, असतो. पण वर्ष नसते. जेथे वर्ष असते तेथे शालिवाहन शक, शुहूर सन, फसली सन, राज्याभिषेक शक यांपैकी कोणते हे आधी ठरवावे लागते. शुहूर सन मृगापासून बदलतो, शक चैत्रापासून बदलतो. म्हणून नुसती एक ठराविक संख्या मिळवून इसवी सन काढणारा सहज एक वर्षाने चुकतो. वर्ष एकाने चुकले की पुत्र पित्याच्या आधी लढाईस जातो. अशा शेकडो बिनसाली पत्रांचे काळ आतील पुराव्यावरून बसविण्याचे कष्ट राजवाडे यांनी उपसले.

यानंतर सुमारे वीस वर्षे त्यांची भ्रमंती अखंड चालली. गावोगाव हिंडावे, जुन्या घराण्यांची दारे ठोठवावीत, स्वतःच्या हाताने रांधून जेवावे, आणि माळ्यावरची बाडे खाली उतरवून धूळ झाडावी, असा त्यांचा क्रम असे. कित्येक घरी कागद वाळवीने खाल्लेले, पावसाने भिजून लगदा झालेले असत. कोठे रद्दी म्हणून वाण्यास विकलेले असत. कोठे संशयाने कुलुपात ठेवलेले असत. घरातील कागद परक्याने वाचला तर वतन जाईल ही भीती लोकांच्या मनात खोल रुजलेली होती. त्या भीतीस कारणही होते. इंग्रजी अंमलात इनामांची चौकशी झाली आणि १८५२ च्या कायद्याने त्या चौकशीस बळ आले, तेव्हा सनदेच्या एकेका ओळीवर कुटुंबांची उपजीविका लोंबकळत राहिली होती. राजवाडे यांनी अशा घरांतून मिळविलेल्या साधनांचे बावीस खंड १९१७ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पंधराव्या खंडापासूनच्या काही खंडांत शिवकालीन घराण्यांचे कागद आहेत.

घराण्यांच्या या कागदांतूनच वंशावळीचे स्वरूप उघड होते. वंशावळ सहसा सहज म्हणून लिहिली जात नाही. देशमुखीचा, पाटीलकीचा किंवा कुळकर्णाचा तंटा उभा राहिला, वडीलपणाचा मान कोणाचा हा प्रश्न निघाला, म्हणजे वादी आणि प्रतिवादी आपापला करीना सादर करीत. त्यात मूळ पुरुषापासून आजपर्यंतची पिढी सांगावी लागे. ज्याला वडीलपणा हवा तो दुसऱ्या शाखेच्या मूळ पुरुषास धाकटा ठरवी, क्वचित दासीपुत्र किंवा पाहुणा ठरवी; आणि जो दत्तक आला तो औरस म्हणून लिहिला जाई. गोतसभेचा महजर एका बाजूने झाला की तीच वंशावळ पुढे खरी म्हणून चाले. अशा रीतीने एकाच घराण्याच्या दोन वंशावळी दोन वाड्यांत सारख्याच श्रद्धेने जतन केलेल्या सापडतात.

हेतुपुरस्सर फेरफार सोडले तरी अजाणता होणाऱ्या चुका थोड्या नाहीत. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची रीत असल्यामुळे त्याच दोन नावांची माळ पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते. नकलणाऱ्याची दृष्टी एका नावावरून त्याच दुसऱ्या नावावर घसरली की मधल्या दोन पिढ्या गळतात. निपुत्रिक भावांची नावे गळतात. कन्यांची तर बहुधा लिहिलीच जात नाहीत. गादीवर एकामागून एक बसलेले भाऊ पुढे पिता-पुत्र म्हणून लिहिले जातात. यावर एक सोपी कसोटी आहे. एका पिढीस सामान्यतः पंचवीस-तीस वर्षे धरून नावांची संख्या आणि काळ यांचा मेळ घालून पाहावा. तीनशे वर्षांत पाचच नावे असली तर पिढ्या गळल्या आहेत, आणि वीस असली तर भाऊ पुत्र झाले आहेत असे समजावे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी त्या मानाने अधिक विश्वसनीय ठरतात. कारण तेथे यात्रेकरूने आपली जवळची माहिती स्वतः सांगितलेली असते व पुष्कळदा खाली आपली सहीही केलेली असते. परंतु जुनी वही झिजली म्हणून नवी लिहिली गेली असेल तर तिलाही नकलेचेच दोष चिकटतात. कागदच काय, ताम्रपटही बनावट निघतात. कोरीव लेखांचा विख्यात अभ्यासक फ्लीट याने अशा खोट्या दानलेखांची मोठी यादी १९०१ मध्ये प्रसिद्ध केली होती.

इतक्या सावध बुद्धीच्या पुरुषासही मोह कसा होतो, याचे पहिले उदाहरण १९०९ सालचे आहे. मराठवाड्यात मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून राजवाडे यांनी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शोधन केले. त्या शोधनापूर्वीचा पाठ आपल्या पोथीत आहे, इतकेच नव्हे तर ती पोथी ज्ञानदेवांच्या काळाला फार जवळची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पोथीचा पाठ मोलाचा आहे हे पुष्कळ विद्वानांनी मान्य केले. पण तिच्या प्राचीनत्वाविषयीचे प्रतिपादन सर्वांस पटले नाही. रूपे जुनी दिसतात एवढ्यावरून लेखन जुने ठरत नाही. जुन्या वळणाचा अभिमान असलेला नकलकारही जुनी रूपे घालू शकतो. पुढे ती मूळ पोथीच अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. दुसऱ्याच्या कागदाला जे प्रश्न विचारावयाचे ते स्वतःच्या आवडत्या पोथीस विचारणे किती अवघड असते, हे या प्रकरणातून दिसते.

या वादात खरा निवाडा करावयाचा तर ज्ञानदेवांच्या काळातील मराठी गद्य समोर असणे आवश्यक होते, आणि ते गद्य महानुभावांच्या मठांत होते. परंतु ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिलेले असल्यामुळे बाहेरच्या विद्वानांस ते वाचता येत नसे. अक्षराच्या ठिकाणी दुसरेच अक्षर योजण्याची ही पद्धती रवळोबासांनी प्रचारात आणली असे मानले जाते. वाचता येत नसल्यामुळे पंथाविषयी बाहेर नाना प्रवाद चालत, आणि ते प्रवादही इतिहास म्हणून छापले जात. १९१० च्या सुमारास राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पुढे विनायक लक्ष्मण भावे, यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने प्रभृती अभ्यासकांनी, काही महंतांच्या साहाय्याने, हे वाङ्मय लोकांपुढे आणले. लीळाचरित्र १९३६ पासून छापून येऊ लागले. तेव्हा तेराव्या शतकातील मराठी कशी होती हे पडताळून पाहण्यास साधन मिळाले. स्वतःच्याच प्रतिपादनाची परीक्षा ज्यावर व्हावी असे साधन उघडे करणाऱ्यांत राजवाडे स्वतः होते, ही गोष्ट त्यांच्या श्रेयात जमा धरली पाहिजे.

या वाङ्मयात साधनांच्या विश्वसनीयतेचा एक निराळा धडाही आहे. म्हाइंभटांनी लीळा जमविल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन जमविल्या आणि श्रीनागदेवाचार्यांच्या संमतीने त्या निवडल्या. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली, तेव्हा स्मरणाच्या आधारे पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले. स्मरणे सर्वांची सारखी नव्हती. त्या वेळी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे बुडविणे सोपे होते. तसे न करता एकाची वासना अशी, दुसऱ्याची वासना अशी, अमक्याचा शोध असा, म्हणून भिन्न स्मरणे शेजारी शेजारी लिहून ठेवली गेली. काही घटनांचे शकही पोथीपोथीत एक नाहीत, आणि सांकेतिक लिपीत नकलणाऱ्याची एका अक्षराची चूक सहजासहजी नजरेस येत नाही. तरीही मतभेद झाकून न ठेवल्यामुळे अभ्यासकास सत्याच्या जवळ जाण्याची वाट मोकळी राहिली. ज्या ग्रंथात कोठेच भेद दिसत नाही तो ग्रंथ निर्दोष असतोच असे नाही. पुष्कळदा त्यातील भेद कोणी तरी पुसलेला असतो.

१९१० मध्येच ७ जुलै रोजी राजवाडे यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मूळ कागद छापावा, मग त्यावर बोलावे, ही रीत तेथे रूढ झाली. तिचे महत्त्व एका तिथीवरून समजते. बखरींच्या परंपरेत शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे १६२७ साली, वैशाखात सांगितलेला होता. कारी येथील जेधे घराण्याची शकावली बाळ गंगाधर टिळक यांनी १९१६ मध्ये मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी निघाली. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये छापल्या गेलेल्या परमानंदाच्या शिवभारतानेही तीच तिथी सांगितली. दोन साधने एकमेकांपासून दूर, वेगळ्या हेतूने लिहिलेली, आणि तरी एकच गोष्ट सांगणारी. अशी साक्ष सर्वांत बळकट होय. महाराष्ट्र शासनाने ही तिथी २००१ मध्ये स्वीकारली.

याच काळात राजवाडे यांच्या चरित्रातील सर्वांत खेदजनक प्रकरण घडले. जातींच्या उत्पत्तीविषयी आणि कुळींविषयी त्यांना मोठे कुतूहल होते, आणि त्यांची मतेही तीव्र होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीविषयी एक जुने लेखन त्यांनी मंडळाच्या प्रकाशनात पुढे आणले, त्यामुळे त्या ज्ञातीस फार दुःख झाले. केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हा ग्रंथ लिहून त्यास सडेतोड उत्तर दिले. ब्राह्मण आणि प्रभू यांच्यात वेदोक्त कर्माच्या अधिकारावरून दीर्घकाळ तंटे चालले होते. अशा तंट्याच्या काळात एका पक्षाने दुसऱ्या पक्षाच्या कुळीविषयी लिहिलेला कागद म्हणजे वादीचा करीनाच. त्याची साक्ष त्या तंट्यापुरती. उत्पत्तीच्या इतिहासासाठी ती घेता येत नाही. वतनदाराच्या करीन्यात ही गोष्ट राजवाडे यांना तत्काळ दिसत असे. येथे ती दिसली नाही. कागदाची चूक कागदापुरती राहिली असती तर गोष्ट निराळी. येथे तिने जिवंत माणसांच्या मानास धक्का लावला. ज्या वेळी कागद आपल्या पूर्वग्रहास अनुकूल बोलतो, त्याच वेळी त्याची तपासणी दुप्पट कसोशीने केली पाहिजे, हा या प्रकरणाचा बोध आहे.

उत्तरायुष्यात राजवाडे यांचे वास्तव्य बहुधा धुळे येथे राहिले. १९२२ मध्ये त्यांनी जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. जयराम हा शहाजी राजांच्या दरबारातील कवी होता. भोसले कुळाचा सिसोदे राजघराण्याशी संबंध १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी प्रथमच जोडला गेला, असे काहींचे म्हणणे होते; परंतु १६६४ मध्ये निधन पावलेल्या शहाजी राजांच्या दरबारी काव्यातच तो संबंध सांगितलेला आढळतो. एवढ्यावरून ती समजूत राज्याभिषेकाहून जुनी होती हे सिद्ध होते. मधल्या पिढ्यांची साखळी मात्र सिद्ध होत नाही. सातारा, कोल्हापूर व तंजावर येथील वंशावळींत मधली नावे एकसारखी नाहीत. तंजावर येथे बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले वंशाचे चरित्र कोरविले. दगडात कोरल्यामुळे ते टिकले. पण टिकाऊपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. येथे एक विवेक ठेवला पाहिजे. समजूत केव्हापासून होती हा एक प्रश्न आणि समजूत खरी होती काय हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले असे नाही. आणि कोणत्याही थोर पुरुषाचे थोरपण या उत्तरावर अवलंबून नसते.

१९२४ मध्ये त्यांनी ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. उत्तर कोकणातील राजसत्ता आणि घराणी यांची ही बखर एका हाताची नाही; तिची प्रकरणे निरनिराळ्या काळी रचली गेली, आणि त्यांतील जुना भाग शके १३७० मध्ये केशवाचार्याने लिहिला, हे त्यांनी प्रस्तावनेत उलगडून दाखविले. पंचवीस वर्षांपूर्वी बखरीवर कठोर टीका करणारे राजवाडे येथे बखरीचेच जतन करताना दिसतात. यात विरोध नाही. चुकलेल्या साक्षीदारास न्यायालयाबाहेर हाकलावयाचे नसते. त्याचे कोणते वाक्य पाहिलेले, कोणते ऐकलेले, कोणते रचलेले, हे वेगळे करावयाचे असते. रचलेले वाक्यही निरुपयोगी नाही. कोणत्या काळी कोणत्या कुळास कोणता पूर्वज हवासा वाटला, हा सुद्धा इतिहासच आहे.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे निधन झाले. त्यांच्यामागे धनसंपत्ती नव्हती. होती ती कागदांची बाडे, टिपणे आणि धातूंचे व शब्दांचे अपुरे कोश. जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने धुळे येथे संशोधन मंडळ स्थापन झाले व ते धन तेथे राखले गेले. धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आणि अनेक सिद्धांत पुढील विद्वानांनी टाकून दिले. असे असूनही त्यांचे ऋण कमी होत नाही. कारण त्यांनी आपले निष्कर्ष आणि मूळ कागद दोन्ही छापले. निष्कर्ष चुकला तर कागद समोर आहे. ज्याला शंका असेल त्याने तो पुन्हा वाचावा. ज्या चरित्रकाराने किंवा वंशावळकाराने केवळ निष्कर्ष ठेवला आणि आधार जाळला, त्याची चूक दुरुस्त करण्यास मार्गच उरत नाही.

घराघरांत आजही वंशावळींचे कापड जपून ठेवलेले असते, मठांत अन्वयमालिका असतात, देव्हाऱ्याशेजारी पोथ्यांची बासने असतात. त्यांच्याविषयी आदर आणि त्यांची तपासणी यांत वैर मानण्याचे कारण नाही. जुने जसे आहे तसे ठेवावे. फाटलेल्या जागी आपल्या कल्पनेचे नाव भरू नये. नवी नक्कल करताना ती कोणी, केव्हा, कशावरून केली हे शेवटी लिहावे. दोन प्रतींत भेद असेल तर दोन्ही पाठ लिहावेत. आणि जी प्रत आपल्या मताला अनुकूल असेल तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे. राजवाडे यांनी यांतील पुष्कळ गोष्टी स्वतःच्या कष्टाने शिकविल्या. शेवटची गोष्ट मात्र त्यांच्या चुकांनी शिकविली, आणि ती विसरली तर बाकीच्या सर्व व्यर्थ होत.